परसातली भेंडी आणि घरगुती व्हॅक्यूम सीलर

परसबागेत भेंडीची मोजकीच झाडे असली तरी ऐन हंगामात ती घरातल्या माणसांना पुरून उरतात, आणि ही भाजी कोणासाठी थांबत नाही. फूल उमलल्यावर चार ते सहा दिवसांत शेंग तोडायला येते, आणखी काही दिवस झाडावर राहिली तर निबर होते, आणि शेंगा तशाच राहू दिल्या तर झाडाचा सगळा जोर बिया पोसण्याकडे वळून नवी फुले कमी धरतात. त्यामुळे भेंडी एक-दोन दिवसांआड तोडावीच लागते, मग त्या दिवशी ती शिजवायची असो वा नसो. फ्रिजमध्येही ती फार दिवस टिकत नाही, कारण तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिला थंडी बाधते, सालीवर खड्डे पडतात आणि काळसर डाग उमटतात. वाढीव भेंडी पुढच्या महिन्यांसाठी राखायची असेल तर ती नीट गोठवणे हा चांगला मार्ग आहे, आणि त्याच कामासाठी घेतलेल्या घरगुती व्हॅक्यूम सीलरचे हे परीक्षण आहे.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे मांडलेले गुणदोष त्या एका यंत्रापुरते नसून, ओट्यावर ठेवायच्या आणि पिशवीचे तोंड झाकणाखाली दाबून हवा ओढणाऱ्या सगळ्याच सीलरना कमीअधिक लागू पडतात. रचना साधी आहे. पिशवीचे उघडे तोंड एका उथळ खाचेत ठेवून झाकण दाबले की वरच्या आणि खालच्या रबरी पट्ट्यांमध्ये ते घट्ट अडकते. मग पंप हवा ओढू लागतो, आणि आतला दाब पुरेसा उतरला की तापणारी पट्टी प्लॅस्टिक वितळवून आडवा सांधा तयार करते. या पिशव्यांच्या आतल्या बाजूला उठावदार रेघा असतात. त्या नक्षीसाठी नाहीत. प्लॅस्टिक भाजीला चिकटून बसल्यावरही उरलेली हवा बाहेर पडायला त्याच वाट देतात, आणि म्हणूनच साध्या गुळगुळीत पिशवीत हे यंत्र नीट काम करीत नाही. पिशवी सहसा पॉलिथिन आणि नायलॉन अशा थरांची असते. पॉलिथिन ओलावा अडवते आणि उष्णतेने सांधले जाते, पण प्राणवायू त्यातून हळूहळू झिरपत राहतो आणि त्याला अडवण्याचे काम नायलॉनचा थर करतो. यंत्राच्या यशात पंपाइतकाच या पिशवीचाही वाटा आहे, ही गोष्ट खरेदी करताना सहज नजरेआड होते.

हवा काढण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, हे भेंडीच्या बाबतीत फार स्पष्टपणे दिसते. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला जिवाणूंची वाढ थांबते, पण म्हणून भाजीचे नुकसान थांबत नाही. फ्रीझरमधली हवा कोरडी असते, त्यामुळे भेंडीच्या पृष्ठभागावरचा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो, ती वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला हिमकणांच्या रूपाने साचते, आणि भेंडीचा तेवढा भाग फिकट, कोरडा व चिवट पडतो. यालाच फ्रीझर बर्न म्हणतात. तो खाल्ल्याने अपाय होत नाही, परंतु अशी भेंडी कितीही निगुतीने शिजवली तरी ताजी चव परत येत नाही. भेंडीच्या चकत्या केल्या की आतले पाचही कप्पे उघडे पडतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग बराच वाढतो, त्यामुळे पिशवीत राहिलेली थोडी हवासुद्धा तिला महागात पडते.

एकाच दिवशी तोडलेली आणि एकाच पद्धतीने तयार केलेली भेंडी मी तीन प्रकारे ठेवून पाहिली: व्हॅक्यूम पिशवीत, हाताने शक्य तेवढी हवा दाबून काढलेल्या झिप पिशवीत, आणि झाकणाच्या डब्यात. पहिल्या काही आठवड्यांत तिन्हींमध्ये डोळ्यांना जाणवण्यासारखा फरक नव्हता आणि शिजवल्यावर चवीतही नव्हता. त्यानंतर डब्यातली भेंडी सर्वांत आधी मागे पडली. वरच्या थरावर हिमकण जमले आणि चकत्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या. झिप पिशवीने दोन-तीन महिने चांगली साथ दिली, मात्र पिशवी वारंवार उघडून लागेल तेवढी भेंडी काढून घेतली की तिचीही गत डब्याप्रमाणेच झाली. व्हॅक्यूम पिशवीतल्या चकत्या हंगाम संपून बरेच महिने लोटल्यावरही हिरव्या होत्या, बिया पांढऱ्याशुभ्र होत्या आणि पिशवीत हिमकणांचा मागमूस नव्हता. ब्लांच केलेली, म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून लगेच गार केलेली भाजी साधारणपणे आठ ते बारा महिने चांगल्या प्रतीची राहते असे मानले जाते, आणि त्या मुदतीच्या उत्तरार्धातच या यंत्राचा खरा उपयोग आहे. ज्यांची गोठवलेली भेंडी दोन महिन्यांत संपते त्यांना माझ्या मते चांगल्या जाडीच्या झिप पिशव्या पुरेशा आहेत.

आता भेंडीच्या अडचणीकडे वळतो, कारण हे यंत्र वाटाणा किंवा मक्याच्या दाण्यांसाठी जितके बिनघोर वापरता येते तितके ते भेंडीसाठी वापरता येत नाही. भेंडीच्या बुळबुळीत रसात पाण्यात विरघळणारी लांब साखळ्यांची कर्बोदके असतात. चकती कापली की ती बाहेर येतात, आणि पाण्याचा थेंब मिळाला की तार सुटू लागते. ताज्या कापलेल्या किंवा नुकत्याच ब्लांच केलेल्या ओलसर चकत्या सरळ पिशवीत भरून यंत्राला लावल्या, तर पंप हवेबरोबर हा रसही ओढतो. पिशवीच्या तोंडाकडे सरकणारी ती ओली रेघ झाकणाच्या कडेपाशी स्पष्ट दिसते. रस तापपट्टीखाली पोहोचला की सांधा वरवर पाहता होतो, पण निरखून पाहिले तर चांगल्या सांध्याची सलग, चकचकीत, आरपार दिसणारी पट्टी तिथे नसते. मध्येच एखादा धुरकट, सुरकुतलेला तुकडा असतो. नख लावून ओढले की तिथूनच दोन्ही थर सुटतात. अशी पिशवी फ्रीझरमध्ये ठेवली की काही दिवसांतच सैल पडते आणि हवा आत शिरते. यंत्रावर ओल्या पदार्थांसाठी वेगळे बटण आहे, पण ते मुख्यतः तापपट्टी अधिक वेळ तापती ठेवते. भेंडीचा रस त्याने आटत नाही, त्यामुळे या बटणावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

उपाय एकच आहे आणि तो यंत्राच्या बाहेरचा आहे: भेंडी आधी ट्रेवर मोकळी गोठवायची आणि मगच पिशवीत भरायची. धातूचा पसरट ट्रे फ्रीझरमध्ये ठेवून आधी गार करावा, त्यावर कोरड्या केलेल्या चकत्या एकमेकींना न भिडता एकाच थरात मांडाव्यात, आणि त्या कडक होईपर्यंत थांबावे. ट्रे हलवल्यावर चकत्या गारगोट्यांसारख्या खळखळल्या की त्या पिशवीत भरण्याजोग्या झाल्या असे समजावे. त्याहून जास्त वेळ त्या उघड्यावर ठेवू नयेत, कारण ज्या कोरडेपणापासून त्यांना वाचवायचे आहे तो तिथेच सुरू होतो. या पायरीचा दुसरा लाभ पोताचा आहे. भेंडीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगते. गोठणे रेंगाळले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि वितळताना सगळा रस बाहेर येतो. अमेरिकी संशोधक क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२०च्या दशकात अन्नाची पातळ पाकिटे अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून झपाट्याने गोठवण्याची यंत्रे विकसित केली, त्यामागचे तत्त्व हेच होते. घरच्या फ्रीझरला तो वेग साधत नाही, परंतु गार धातू आणि पातळ थर या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे फ्रीझरवर एकदम भार न टाकणे. १०० लिटर क्षमतेच्या फ्रीझरमध्ये एका दिवसात तीन ते साडेचार किलोंपेक्षा जास्त नवी भाजी गोठायला ठेवू नये.

यंत्राच्या माहितीपत्रकात ब्लांच करण्याविषयी एकच मोघम वाक्य आहे, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार त्याबद्दलच आहे. हवा काढली म्हणजे भेंडी जशीच्या तशी राहील असा समज त्यातून होतो, पण भेंडीतली विकरे (एन्झाइम), म्हणजे भाजीत रासायनिक बदल घडवत राहणारी प्रथिने, प्राणवायू कमी झाल्याने पूर्ण थांबत नाहीत आणि गोठवल्यानेही नष्ट होत नाहीत. त्यांची गती तेवढी मंदावते. महिन्यांनंतर येणारा गवतासारखा उग्र वास, काळपट पडणारा हिरवा रंग आणि देठाकडचा चिवटपणा हे बऱ्याच अंशी त्यांचेच काम असते. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी थोडा वेळ का होईना, उष्णता द्यावीच लागते. अर्धा किलो भेंडीला साधारण ४ लिटर पाणी खळखळ उकळते ठेवावे, म्हणजे भेंडी टाकल्यावर पाणी मिनिटभरात पुन्हा उकळते आणि तिथून वेळ मोजता येतो. सुमारे १० सेंटिमीटरपर्यंतच्या शेंगांना ३ मिनिटे आणि त्याहून मोठ्या शेंगांना ४ मिनिटे पुरतात, म्हणून दोन्ही आकार एकत्र टाकू नयेत. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवून, निथळून, सुती कापडावर लोळवून भेंडी कोरडी करावी. भांडे स्टीलचे असावे, कारण लोखंडी भांड्यात भेंडी काळवंडते. क जीवनसत्त्वाचा काही अंश या उकळत्या पाण्यात जातो हे खरे आहे, पण ब्लांच न करता महिनोन्‌महिने ठेवलेल्या भाजीतूनही तो हळूहळू घटतच असतो.

भेंडी ब्लांच करताना अख्खीच ठेवावी. देठाची टोपी अशी उतरवावी की खालचा बियांचा कप्पा उघडा पडणार नाही. तो उघडा पडला की उकळते पाणी आत शिरते, रस बाहेर येतो आणि भांड्यातले सगळे पाणीच बुळबुळीत होते. चकत्या करायच्याच असतील तर ब्लांच करून, गार आणि कोरडी करून मग कराव्यात. ज्यांना परतायच्या भाजीसाठी चकत्या हव्या आहेत त्यांच्यासाठी आणखी एक रीत मला अधिक पसंत पडली: कच्च्या, पूर्ण कोरड्या चकत्या पसरट भांड्यात थोड्या तेलावर, झाकण न ठेवता, तार मोडेपर्यंत परतायच्या, पूर्ण गार करायच्या आणि मग ट्रेवर गोठवायच्या. कोरड्या उष्णतेने विकरेही मंदावतात आणि पृष्ठभागावरचा ओलावाही उडतो, त्यामुळे सीलरच्या दृष्टीने ही भेंडी सर्वांत सोपी ठरते. मुळीच उष्णता न देता गोठवलेल्या चकत्याही मी सील करून ठेवल्या होत्या. रंग बराच टिकला, चव मात्र तीन महिन्यांच्या आसपास बदलली, आणि हवा काढल्याने ती वाचली नाही.

अख्ख्या शेंगांच्या बाबतीत यंत्राच्या ताकदीचा अतिरेक होतो. ब्लांच केल्याने मऊ झालेली शेंग न गोठवता पिशवीत घातली तर पंपाच्या ओढीने प्लॅस्टिक तिच्यावर आवळत जाते, एकेक शीर वर उठून दिसू लागते, आणि शेवटी शेंग चपटी होऊन तिच्या टोकाकडून रस निघतो. आधी कडक गोठवलेली शेंग अशी चेपत नाही, पण तिचे टोकदार शेपूट पिशवीला टोचते. त्या जागी पडणारे भोक इतके बारीक असते की सील केल्यावर काहीच कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पिशवी सैल झालेली आढळते. टोके कापली तर कप्पे उघडे पडतात. म्हणून शेंगा उलटसुलट रचून, टोके पिशवीच्या शिवणीकडे न येऊ देता आणि पंप थोडा आधी थांबवून सील करणे हा व्यवहार्य मार्ग आहे. पंप हव्या त्या क्षणी थांबवून लगेच सील करण्याचे बटण या यंत्रावर आहे, आणि भेंडीसाठी मला त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला. पूर्ण निर्वात करण्याचा हट्ट न धरता, प्लॅस्टिक शेंगांना नुसते बिलगेल इतपत हवा काढली तरी पुरते.

पिशव्यांच्या बाबतीत यंत्र खर्चिक आहे. प्रत्येक वेळी तोंडाकडचे चार बोटे प्लॅस्टिक सांध्यासाठी मोकळे सोडावे लागते आणि पुन्हा वापरायची तर पिशवी तेवढीच आखूड होत जाते. भेंडीची पिशवी धुऊन पुन्हा वापरणे आणखी अवघड, कारण उठावदार रेघांमध्ये वाळलेला रस सहज निघत नाही. यावर तोड म्हणून मी एका वेळच्या भाजीपुरतीच भेंडी प्रत्येक पिशवीत भरतो, सपाट पसरून सील करतो आणि पिशव्या उभ्या रचतो. जागा कमी लागते आणि उघडलेली पिशवी पुन्हा सील करायची वेळ येत नाही. सील करण्यापूर्वीच पिशवीवर तारीख, वजन आणि ब्लांच केली की परतली याची नोंद करून ठेवावी, कारण गोठल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

यंत्राचा आवाज मोठा आहे, पण तो थोडा वेळच असतो. त्याहून खटकते ते तापपट्टी थंड होण्यासाठी दोन पिशव्यांमध्ये घ्यावी लागणारी उसंत. ती न घेता एकामागून एक पिशव्या लावल्या तर पट्टी अति तापून प्लॅस्टिक विरघळते आणि सांधा पातळ होतो. भरपूर भेंडी एकदम करायची असेल तर हा वेळ हिशेबात धरावा. स्वच्छतेकडेही दुर्लक्ष चालत नाही. रबरी पट्टीवर भेंडीचा रस उडाला आणि तसाच वाळला तर त्याचा कडक पापुद्रा बनतो, झाकण नीट बसत नाही आणि पंप चालूच राहतो. काम संपताच, यंत्राची पिन काढून, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पट्टी पुसली तर हा प्रश्न येत नाही, आणि ठेवताना झाकण दाबून बंद करू नये, म्हणजे रबर चेपून राहत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र माहितीपत्रकाने ठळक इशारा द्यायलाच हवा होता. व्हॅक्यूम करणे ही टिकवण्याची स्वतंत्र पद्धत नाही. ती गोठवण्याला दिलेली जोड आहे. भेंडी ही कमी आम्लाची भाजी आहे, मातीतून येणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक विष बनवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू घरगुती उकळण्याने मरत नाहीत, आणि प्राणवायू नसलेली, ओलसर, ऊबदार जागा त्यांना अनुकूल असते. म्हणजे ज्या पिशवीने भेंडीचा रंग राखला तीच पिशवी ओट्यावर विसरली गेली तर जिवावर बेतू शकते. विष तयार झाले तरी वास किंवा रंग बदलतोच असे नाही. त्यामुळे सील केलेली पिशवी लगेच फ्रीझरमध्ये गेली पाहिजे, आणि काही कारणाने वितळवायची झालीच तर ती फ्रिजमध्येच आणि आधी पिशवी कापून वितळवावी.

खरे तर भेंडी वितळवू नयेच. वितळलेल्या भेंडीला तार सुटते, आणि मग फ्रीझरमध्ये घेतलेली सगळी काळजी वाया जाते. पसरट भांडे चांगले तापवून त्यात गोठलेल्या चकत्या थोड्या थोड्या टाकाव्यात, झाकण ठेवू नये, सुरुवातीला सारखे ढवळू नये आणि मीठ शेवटी घालावे, कारण मिठाने पाणी सुटते. थोडा लिंबाचा रस किंवा टोमॅटो घातल्यास बुळबुळीतपणा आणखी कमी होतो. पातळ रश्शात घालायच्या अख्ख्या शेंगा उकळत्या रश्शात तशाच सोडाव्यात. तिथे तोच रस दाटपणा आणतो आणि त्याचे ओझे वाटत नाही. ब्लांच केलेली भेंडी आधीच अर्धवट शिजलेली असते, म्हणून ताज्या भेंडीच्या सवयीने ती शिजवत राहिलो तर तिचा लगदा होतो.

ज्यांच्या परसात दरवर्षी भेंडी वाढीव उरते, ज्यांच्याकडे तिला जागा देणारा फ्रीझर आहे आणि जे ती चार महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवणार आहेत, त्यांना हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. घेताना पंप आपल्या हाताने थांबवून सील करता येते का, हवेबरोबर आलेला रस साचण्यासाठी काढून धुता येणारी पन्हळ आहे का, आणि पिशवीचा रोल हव्या त्या लांबीला कापता येतो का, एवढे पाहावे. पंपाच्या ताकदीचे मोठमोठे आकडे भेंडीच्या कामाचे नाहीत. रबरी पट्टी ही सर्वांत आधी झिजणारी वस्तू आहे, तेव्हा ती सुटी मिळते की नाही हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.